सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलायची का? (भागाचं लेखी रूप)

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कुणी एका हातानं बाळाला थोपटत दुसऱ्या हातात फोन धरून वाचत असेल. दुसऱ्या गटातल्यांसाठी आजचा भाग जास्त आहे. पण तुम्ही मामा, काका, आत्या, मावशी असाल तरी थांबा, कारण फॅमिली ग्रुपवर लसीबद्दल काही फॉरवर्ड झालं की खरं-खोटं करायला सगळे तुमच्याकडेच बघतात.

मागच्या भागानंतर एका ताईंचा व्हॉइस नोट आला. बाळ सात महिन्यांचं. जन्मावेळच्या लसी झाल्या, दीड महिन्याच्या झाल्या. अडीच महिन्यांच्या वेळी नेमकी सर्दी. सासूबाई म्हणाल्या, "बरं वाटू दे, मग टोचू." मग गावाला गेल्या, मग लग्नसराई, मग पुन्हा सर्दी. आता त्यांचा प्रश्न असा की, "इतका उशीर झालाय, तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? आणि आता एकदम इतक्या लसी दिल्या तर बाळाला झेपेल का?"

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे कुणी मध्येच बंद केलं तरी चालेल. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. आधीचे डोस वाया जात नाहीत, शरीर ते विसरत नाही. पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस आता घ्यायचा, तिसरा किमान चार आठवड्यांनी. बाकी त्याच दिवशी काय काय देता येईल ते सिस्टरताई कार्ड बघून सांगतील. आणि हो, एका दिवशी दोन-तीन सुया आणि तोंडातून थेंब हे अगदी नेहमीचं आहे. सरकारी वेळापत्रकात सहाव्या आठवड्याला तसंच असतं.

आता जरा निवांत बोलू.

आपल्याकडे लसीला कडक विरोध करणारी माणसं तशी कमीच. "लस देऊच नका" असं म्हणणारा एखादा काका असतो, त्याचं कुणी फारसं ऐकत नाही. आपल्याकडची खरी अडचण "नंतर देऊ" ही आहे. नकार नसतो, टाळाटाळही नसते, माया असते. एवढंसं लेकरू, त्याच्या मांडीत सुई कशाला, थोडं बाळसं धरू दे. ऐकायला किती बरोबर वाटतं! पण वेळापत्रकातली प्रत्येक तारीख कुणीतरी काहीतरी मोजून ठेवलेली आहे. ते हिशेब एकदा समजले की "नंतर" हा शब्द तोंडातून निघताना जरा अडखळतो.

पहिला हिशेब जन्माच्या दिवसाचा. हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ ब. ही लस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायची असते. एवढी घाई का? कारण हा विषाणू आईच्या अंगात असेल तर प्रसूतीच्या वेळीच बाळाकडे जाऊ शकतो. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर बहुतेकांचं शरीर तो परतवून लावतं, कायमचा राहतो तो शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. नवजात बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वदांपर्यंत तो आयुष्यभर मुक्काम ठोकतो, आणि पुढे तिशी-चाळिशीत यकृताचं दुखणं होऊन वर येतो. म्हणजे तोच विषाणू, फक्त वयाचा फरक. इथे एका दिवसाला किंमत आहे.

दुसरा हिशेब दीड महिन्याचा. पेंटाव्हॅलंटमध्ये पाच रोगांवरची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा एक जिवाणू. यातला डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर महिना-दोन महिने खोकून खोकून जीव नकोसा होतो, बस. पण दोन महिन्यांचं बाळ कधी कधी खोकतसुद्धा नाही. ते श्वासच थांबवतं, निळं पडतं. या रोगानं दगावणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतात ती पहिल्या काही महिन्यांतली बाळं. मग "जरा मोठं झाल्यावर देऊ" याचा अर्थ काय होतो? धोका सरल्यावर संरक्षण देऊ. म्हणून ६, १० आणि १४ आठवडे. त्याच सुमारास रोटाचे थेंब जुलाबासाठी, पीसीव्ही न्यूमोनियासाठी, पोलिओचे थेंब आणि पोलिओचं छोटं इंजेक्शन. पीसीव्ही ही लस खासगीत हजारोंच्या घरात जाते, सरकारी केंद्रात फुकट मिळते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि तिसरा हिशेब नऊ महिन्यांचा. हा मला सगळ्यात जास्त आवडतो.

गोवराची लस जन्मल्याबरोबर का देत नाहीत? कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाच्या रक्तात काही महिने फिरत असते. त्या काळात लस दिली तर आईचीच शक्ती त्या लसीतल्या अशक्त विषाणूला गारद करते, आणि बाळाचं शरीर स्वतः काही शिकत नाही. मग वर्षाचं होईपर्यंत थांबायचं का? ज्या देशांत गोवर क्वचित दिसतो तिथे थांबतात, १२ ते १५ महिन्यांनी देतात. आपल्याकडे तेवढं थांबलं तर आईची शक्ती ओसरल्यानंतर आणि लस मिळण्याआधी जी फट राहते, नेमकी त्या फटीत गोवर शिरतो. म्हणून आपल्याकडे तडजोड म्हणून नऊ महिने ठरले. तडजोडीची किंमत अशी की नऊ महिन्यांना दिलेली लस साधारण ८५ टक्के बाळांत लागू पडते. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. लोक दुसऱ्या डोसला 'बूस्टर' म्हणून हलक्यात घेतात, पण पहिल्या वेळी ज्यांच्यात लस लागूच पडली नाही त्यांच्यासाठी तोच खरा पहिला डोस असतो. आणि आपलं बाळ कुठल्या गटात आहे हे बघून कळत नाही.

ही फट किती खरी आहे ते मुंबईनं २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहिलं. गोवंडी भागात गोवराचा उद्रेक झाला, मग भिवंडी, मालेगाव. लहान मुलं गेली. करोनाच्या काळात नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं होतं, कित्येक घरांतले डोस "नंतर"मध्ये अडकले होते. गोवर हा असा रोग की रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णाकडून बारा ते अठरा जणांना होतो. दाटीच्या वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत काय होत असेल, विचार करा. तेव्हा वेळापत्रकच तात्पुरतं बदलावं लागलं: उद्रेकाच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस, आणि तो हिशेबात धरायचा नाही, नऊ महिन्यांचा पुन्हा द्यायचाच.

आणखी एक. गोवर बरा झाला म्हणजे संपलं असं नाही. शरीरानं आधीच्या आजारांतून जी ओळख साठवलेली असते, तिचा बराच भाग गोवर पुसून टाकतो. पुढचे कित्येक महिने ते मूल न्यूमोनिया-जुलाबाला सहज बळी पडतं. "आमच्या वेळी सगळ्यांना गोवर येऊन जायचा, काही नाही व्हायचं" असं म्हणणाऱ्या आजींना विचारा, त्यांना भावंडं किती होती आणि मोठी किती झाली. उत्तर देताना बहुतेक आजी गप्प होतात. (हे भांडणाच्या सुरात विचारू नका हं. खरंच ऐकायला विचारा.)

बरं, आता सुरक्षिततेचं. इथे मला गुळगुळीत बोलायचं नाही. "लस शंभर टक्के सुरक्षित" असं पोस्टरवर लिहिलं की मला राग येतो, कारण आईबापांना बाळाचा ताप दिसत असतो, आणि मग त्यांचा पोस्टरवरचा विश्वास उडतो.

तर काय होतं? पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, किरकिर. बऱ्याच बाळांना होतं. ताप आलाच तर पॅरासिटामॉल, पण मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून सिस्टरताईंना तिथेच विचारून घ्या. सूज आलेल्या जागी चोळणं, हळद, लेप, काही नको. बीसीजीचं वेगळंच असतं: डाव्या दंडावर काही आठवड्यांनी पुटकुळी येते, पिकते, बसते, व्रण राहतो. ती पिकली म्हणून घाबरायचं नाही, आणि व्रण उठलाच नाही म्हणून पुन्हा टोचायचंही नाही. गोवर-रुबेलाचा ताप मात्र उशिरा येतो, साधारण सात ते बारा दिवसांनी, कधी बारीक पुरळासकट.

आता दुर्मीळ गोष्टी. गोवराच्या लसीनंतरच्या तापात काही मुलांना झटका येऊ शकतो, साधारण तीन-चार हजार डोसांमागे एक. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, लगेच डॉक्टरांकडे न्यायचंच, पण असा तापातला झटका सहसा मागे काही ठेवत नाही. तीव्र ॲलर्जी होते ती साधारण दहा लाख डोसांमागे एखादी. ती आलीच तर मिनिटांत येते आणि तिच्यावर तिथल्या तिथे औषध असतं. लस दिल्यावर अर्धा तास बसा म्हणतात ते त्यासाठी. आपण काय करतो? रिक्षा थांबलीय म्हणून पाचव्या मिनिटाला निघतो. तो अर्धा तास बसा. फोन आहेच हातात, आमचाच एखादा जुना भाग ऐका.

पोलिओच्या थेंबांचंही सांगतो, कारण हे लपवून ठेवण्यासारखं नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीत जिवंत, अशक्त केलेला विषाणू असतो. लाखो डोसांमागे एखाद्या मुलात त्यानंच अर्धांगवायू होऊ शकतो. शास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं, आणि पोलिओनं दरवर्षी हजारो मुलं पांगळी होत असताना तो हिशेब थेंबांच्या बाजूनं स्पष्ट होता. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपल्या भागाला पोलिओमुक्त असं प्रमाणपत्र मिळालं. रोग गेला तसा हिशेब बदलला, म्हणून लसही बदलली: इंजेक्शनची पोलिओ लस आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून एक प्रकारचा विषाणू काढूनच टाकला. आज उजव्या दंडावर जे बारीक इंजेक्शन देतात, पूर्ण डोसाच्या एक पंचमांश, ते त्यातूनच आलं.

असंच रोटाचं. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाची पहिली लस आली. सुमारे दहा हजार बाळांमागे एकात आतडं आतड्यात सरकण्याचा त्रास दिसला आणि वर्षभरात, १९९९ मध्ये, ती बाजारातून काढली. आज आपल्याकडे दिली जाते ती वेगळी लस. मला ही गोष्ट घाबरवणारी वाटत नाही, उलट धीर देणारी वाटते. कुणीतरी मोजत बसलेलं होतं.

आणि मोजणं विकलं गेलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. ऑटिझमवाला फॉरवर्ड तुमच्या ग्रुपवर आलाच असेल. त्याचं मूळ १९९८ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका लेखात आहे. लेखक अँड्र्यू वेकफील्ड, अभ्यासात मुलं किती? बारा. ब्रायन डीअर नावाच्या पत्रकारानं वर्षानुवर्षं खोदकाम केलं तेव्हा कळलं की लसकंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यानं पैसे घेतले होते आणि मुलांच्या नोंदी फिरवल्या होत्या. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधला अभ्यास आला, ६,५७,४६१ मुलांचा. लस घेतलेली आणि न घेतलेली, दोन्हींत ऑटिझमच्या प्रमाणात फरक नाही. बारा आणि साडेसहा लाख. पण फॉरवर्ड बाराचाच फिरतो. मुलात ऑटिझमची लक्षणं साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमारास लक्षात येतात आणि गोवराचा दुसरा डोसही त्याच वयात असतो. दोन गोष्टी शेजारी घडल्या की मन त्यांची गाठ मारतं, त्यात त्या आईबापांचा दोष नाही.

चूक होते ती बहुतेकदा लसीत नाही, हाताळणीत. ही भीती मात्र खरी आहे. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. मुलं रुग्णालयात ठेवावी लागली, सुदैवानं बरी झाली. त्याहून जुनी गोष्ट परळची आहे. परळच्या प्रयोगशाळेत हाफकिननी केलेली प्लेगची लस १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात दिली, आणि एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. दोष हाफकिनवर आला, नोकरी गेली. पुढे चौकशीतून दिसलं की लसीत काही नव्हतं, बाटली त्या गावात उघडताना ती दूषित झाली असावी. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका निघाला. त्याच संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

म्हणून लसीकरणाच्या वेळी बघायला शिका, त्यात सिस्टरताईंचा अपमान नाही. बाटलीवर एक छोटा गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. दोन्ही एकाच रंगाचे किंवा चौकोन जास्त गडद, तर ती लस वापरायची नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेला या पावडरच्या लसी असतात, पाण्यात मिसळल्यावर चार तासांच्या आत संपवायच्या, नाहीतर फेकायच्या, म्हणून बाटलीवर वेळ लिहिलेली असते. सिरिंज नवीन पाकिटातून निघाली का तेही बघा, सरकारी केंद्रात ती एकदा वापरली की आपोआप अडकते. हे विचारलं की बहुतेक ताई खूश होतात, स्वतःहून बाटली दाखवतात.

आणि सर्दीचं राहिलंच की! साधी सर्दी, खोकला, थोडी कणकण, पातळ शी, चालू असलेलं अँटिबायोटिक, बाळ वजनाला कमी, वेळेआधी जन्मलेलं, यांपैकी कशासाठीही लस थांबवायची गरज नसते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या तारखासुद्धा जन्मतारखेपासूनच मोजतात. थांबायचं ते बाळ खरंच आजारी असेल, जोराचा ताप असेल, दाखल करण्यासारखं असेल तर. आणि आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, तर ते आधीच डॉक्टरांना सांगायचं. थांबवायचं की नाही हे लस देणाऱ्यानं ठरवू दे. बाळाला घेऊन तिथपर्यंत जायचं, घरी बसून ठरवायचं नाही.

खासगी की सरकारी, हा शहरातल्या मित्रांचा आवडता वाद. खासगीत 'पेनलेस' म्हणून जी मिळते ती डांग्या खोकल्याची वेगळ्या पद्धतीची लस. ताप-सूज कमी, हे खरं. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए अशा काही जादा लसी खासगीत मिळतात, परवडत असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. पण सरकारी केंद्रातली लस दुय्यम आहे म्हणून खासगीचे पैसे जमेपर्यंत थांबणं, हे करू नका.

सगळ्यात अवघड आहे ते फिरस्तीवर असणाऱ्यांचं. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसी एका जिल्ह्यात, नऊ महिन्यांची दुसऱ्या राज्यात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढं सांगा: लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, गावचं केंद्र लागत नाही. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घरातल्या दोन-तीन फोनमध्ये ठेवा, कारण कार्ड भिजतं, हरवतं. यू-विनवर नोंद झाली असेल तर मोबाइल नंबरवरून ती सापडते. कार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर हट्टानं थांबा.

ताई, तुमच्यासाठी शेवटचं. रोटाचा पहिला डोस झालेला आहे, बाळ वर्षाच्या आत आहे, म्हणजे तोही पुढे चालू करता येईल, जाताना आठवणीनं विचारा. तुमच्या भागात लसीकरणाचा वार कुठला ते आशाताईंना फोन करून कळेल, बहुतेक ठिकाणी आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. सासूबाईंनाही सोबत न्या. बाटलीवरचा चौकोन त्यांनाच बघायला सांगा.

बाकी मंडळी, पाच-सहा वर्षांचा डीपीटी, १० आणि १६ वर्षांचं टीडी हेही त्याच वेळापत्रकात आहे. ऐकणाऱ्यांपैकी अठरा-वीस वर्षांचे बरेच जण आहेत, तुमचं सोळाचं झालं होतं का ते आईला विचारून मला कळवा. व्हॉइस नोट दीड मिनिटाच्या आत ठेवा, प्लीज. भेटू पुढच्या गुरुवारी.